एक्केचाळीस हजार हेक्टर

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून अख्खा दक्षिण विभाग माझ्या गळ्यात. गिरीधर शुक्रवारी नोकरी सोडून गेला, आणि त्याची जागा कोणाला द्यायची याची विजयालक्ष्मी मॅडमनी चर्चासुद्धा केली नाही. सकाळी माझ्या टेबलापाशी आल्या, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाल्या, "अवनी, दक्षिणेचा पुढचा अंक तुझ्या सहीने निघेल." झालं. पाच महिन्यांच्या नोकरीत मी अजून डबा कुठे गरम करायचा एवढंच धड शिकलेय.

संध्याकाळी शेवगावला घरी फोन केला. आम्ही नेमकं काय करतो हे आईला अजून उमगत नाही. मी तिला म्हणते, वैद्य नाडी बघतो ना, तशी आम्ही देशाच्या पिकाची नाडी बघतो. दर महिन्याला एक अंक. पाऊस किती झाला, ऊन किती, जमिनीत ओल किती, उपग्रहातून शेतं कशी दिसतात, हे सगळं एकत्र करून देशाचा नकाशा रंगवायचा. हिरवा म्हणजे पीक उत्तम. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. तांबडा म्हणजे बिघडलं. करडा म्हणजे पीकच नाही. तरमणीच्या आमच्या ऑफिसात, या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही अकरा जण हे काम करतो, आणि तो नकाशा दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत लोक समोर ठेवतात.

"मग चुकू नको म्हणजे झालं," आई म्हणाली.

इथली अडचण अशी की ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूवर आभाळ भरलेलं असतं. साध्या उपग्रहाला खाली नुसता ढगांचा कापूस दिसतो. म्हणून रडारवर भिस्त. रडारची लहर ढगातून आरपार जाते. लावणीच्या आधी भातखाचरात पाणी तुंबवतात, ते पाणी रडारला काळंभोर दिसतं. पुढे रोपं वाढतात तसतसं तेच खाचर उजळत जातं. आधी काळं, मग उजळ, म्हणजे भात. हा नियम मॅडमनी बारा वर्षांपूर्वी बसवला आणि सगळा देश आज त्यावर भात मोजतो. त्यांच्यासमोर बसलं की मला आपली पाटी कोरी आहे असंच वाटतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अंक निघाला! खाली माझं नाव.

कावेरीच्या मुखाकडचा भाग हिरवागार आलाय, फक्त कालव्यांच्या अगदी शेवटचे तीन तालुके सोडून. आमच्याकडे ज्याला टेल म्हणतात ते. तिथे रडारला काळं पाणी दिसलंच नाही. कालव्याचं पाणी यंदा तिथवर फार उशिरा पोचलं अशी नोंद आहे, सप्टेंबरचा पाऊसही रखडला होता. पाणी नाही म्हणून लावणी नाही. सगळं एकमेकांशी जुळतं. एक्केचाळीस हजार हेक्टर करडे रंगवले आणि लिहिलं, भात नाही.

मॅडमनी विचारलं, "खात्री आहे?"

"आहे."

"कशावरून?"

"तुमच्याच नियमावरून, मॅडम."

काही बोलतील असं वाटलं, पण नुसतं "बरं" म्हणून गेल्या. शाबासकी द्यायला यांना काय होतं देव जाणे.

मंदारला अंक दाखवला. वेळचेरीच्या आमच्या इमारतीत तो खालच्या मजल्यावर राहतो. नेवाशाचा, म्हणजे माझ्या शेजारच्या तालुक्यातला. ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात सुटे भाग तपासतो. त्याने नकाशा बघितलाच नाही. माझं नाव बोटांनी मोठं केलं आणि त्याचाच फोटो काढून ठेवला. कशाला, विचारलं तर म्हणाला, "असू दे."

१९ नोव्हेंबर

तंजावूरहून व्यंकोजीरावांचा फोन. हे आमचे तिकडचे अर्धवेळ निरीक्षक, वय अडुसष्ट, कृषी खात्यातून निवृत्त. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं, त्यामुळे त्यांची मराठी ऐकताना जुनं पत्र कोणीतरी तमिळ चालीत वाचतंय असं वाटतं. मी त्यांना काका म्हणते.

"अवनीबाई, टेलला पीक नाहीं म्हणून तुम्ही लिहिलांत काय?"

"हो काका."

"मी आतां तिथेंच आहें. गुडघ्याएवढा भात आहे. मग मी कशांत उभा आहें म्हणून सांगा की!"

पाठोपाठ त्यांनी फोटो पाठवला. काकांचे पाय, वर गुंडाळलेलं धोतर आणि भोवती भात. फोटोवरचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले. बिंदू करड्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध पडला.



२० नोव्हेंबर

दिवस वाईट.

सकाळी एक क्षण मनात आलं, गप्प बसावं. एखादं शेत असेल विहिरीवरचं, बाकी सगळं करडंच असेल. पुढच्या अंकात हळूच रंग बदलता येईल, कोणाला कळणारही नाही. असं मनात आलं याची लाज वाटते, म्हणूनच इथे लिहून ठेवते.

मग उठले आणि मॅडमसमोर फोटो ठेवला. वाटलं होतं ओरडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "एक शेत म्हणजे एक शेत. उरलेल्या हेक्टरांचं काय?"

"माहीत नाही."

"मग इथे का बसलीयेस?"

नंतर त्यांनी एक पत्र वाचायला दिलं. जानेवारीत पाऊस थांबला की भाताची सगळी मदार कालव्याच्या आवर्तनांवर. कोणत्या कालव्याला किती पाणी, हे ठरवणाऱ्या समितीची बैठक बारा डिसेंबरला आहे. आणि पत्रासोबतच्या निर्णयाच्या मसुद्यात लिहिलंय की टेलच्या कालव्यांना जानेवारीत पाणी सोडण्याची गरज नाही, कारण ताज्या पीक-नकाशानुसार तिथे भात नाही.

ताजा पीक-नकाशा म्हणजे मी.

ऐन पोटरीत आलेल्या भाताचं पाणी तोडायचं म्हणजे काय, हे टेलच्या गावात वाढलेल्या मुलीला कोणी सांगायला नको.

१ डिसेंबर, सोमवार

दोन दिवस तिकडे फिरून काल परत आले. अंग आंबलंय, पण सविस्तर लिहायलाच हवं.

ऑफिसची गाडी मागायला गेले तर ती दुरुस्तीला. बसने एवढी शेतं गाठणं अशक्य. मंदारला सहज बोलले तर म्हणाला, त्याला शनिवारी सुट्टी आहे आणि नवीन टायर लांबच्या रस्त्यावर वापरून बघायचेच होते. ओरगडमला शनिवारीही पाळी असते असं मला वाटत होतं. माझं नशीबच म्हणायचं. पहाटे किनाऱ्याच्या रस्त्याने निघालो. वाटेतल्या कोवलम गावात मासे घेऊन बाया बसची वाट बघत उभ्या होत्या, त्यातल्या दोघींनी गाडीला हात केला. मंदारने त्यांना टोपल्यांसकट मागे बसवलं, तर पुढच्या गावापर्यंत त्या आमच्याकडे बघून हसत काहीतरी बोलत होत्या. मला तमिळ येत नाही. मंदारला येतं, पण त्याने सांगितलं नाही आणि त्याचे कान मात्र लाल झाले होते.

काका ठरल्या जागी मोपेड घेऊन हजर. पहिलंच शेत रंजनी नावाच्या बाईचं. चाळिशीची, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट, कमरेला विळा. नवरा इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात, शेत ही एकटी करते. काकांनी मी कोण ते सांगितलं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि काहीतरी म्हणाली. काका भाषांतर करायला कचरत होते.

"सांगा ना काका."

"ती विचारते, आम्हांला पुसून टाकणारी तूंच काय?"

मी म्हणाले, "हो. मीच."

रंजनीने माझा हात धरला आणि सरळ चिखलात उतरवलं. चप्पल तिथेच रुतली. भात माझ्या गुडघ्याच्या वर, गच्च हिरवा. मी विचारलं, लावणी केव्हा केली?

"लावणी? पाणी कुठे होतं लावणीला?" काका तिच्याच ठसक्यात सांगत होते. "कालव्याची वाट बघितली, बघितली. मग कोरड्या मातीत नांगर फिरवला आणि बी फेकून दिलं. वरून दोन सरी आल्या, उगवलं. रोप नाही, चिखलणी नाही, काही नाही. इकडे आता सगळेच असं करतात. पाच-सहा वर्षं झाली."

मी त्या चिखलात उभी राहिले आणि सगळं लख्ख कळलं. पाणी तुंबवलंच नाही. म्हणून काळं दिसलंच नाही. आमचा नियम काळं दिसायची वाट बघत बसला आणि भात त्याच्या नाकाखालून वर आला.

दोन दिवसांत बासष्ट ठिकाणं पाहिली. कुठली ते मी घरूनच नकाशावर डोळे मिटून बोट ठेवल्यासारखी निवडून नेली होती, सोयीची शेतं निवडली असं कोणी म्हणू नये म्हणून. चोपन्न ठिकाणी भात. आठ खरोखर रिकामी, तीही बहुतेक खाऱ्या पट्ट्यातली. मंदारने प्रत्येक ठिकाणी फीत धरली, नोंदी केल्या. निघताना रंजनी म्हणाली, "आता बघितलंस. आता काय करणार?"

मी वहीत तिचा फोन नंबर लिहून घेतला.

३ डिसेंबर

पहिला प्रयत्न. काळ्याची अट काढून टाकली. "उजळत जातं ते पीक" एवढंच ठेवलं. करडा पट्टा क्षणात हिरवा झाला आणि मी खुर्चीवरून उठून नाचणारच होते, एवढ्यात लक्षात आलं की खाऱ्या पट्ट्यातली वेडी बाभूळसुद्धा हिरवी झालीय. आणि गवत. आणि एक स्मशानभूमी.

५ डिसेंबर, शुक्रवार

तरीही मॅडमना दाखवायला गेले, घाई आहे म्हणून. त्यांनी दोन मिनिटांत चिंध्या केल्या.

"बाभळीला पाणी सोडायला सांगणार का समितीला?"

"मॅडम, पण भात आहे तिथे. मी बघून आलेय."

"तू बघितलंस. नकाशाने अजून बघितलेलं नाही. एकदा चुकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा चुकायची मुभा नसते, अवनी. बारा तारखेला ते तुला सोलून काढतील."

स्वच्छतागृहात जाऊन रडले. आता स्पष्टच लिहिते. त्यांना स्वतःचा नियम वाचवायचाय. बारा वर्षांची कीर्ती आहे, पाच महिन्यांच्या पोरीने त्यात बोट घातलेलं कोणाला आवडेल?

वर दुपारी जुन्या वह्यांचा हा एवढा ढीग माझ्या टेबलावर आणून टाकला. "कपाट रिकामं करायचंय. रद्दीत घालण्याआधी चाळून ठेव. तिसरी वही फाटकी आहे, जपून." एवढी घाई असताना मला हमाली!

६ डिसेंबर

योगायोग बघा. तिसरी वहीच आधी हाताला लागली. मॅडमचं बारीक अक्षर, बारा वर्षांपूर्वीची टेलची पाहणी. त्यात एक पान : "कोरडी पेरणी. शंभरात तीन शेतं. तूर्त दुर्लक्ष करण्याजोगं. वाढल्यास नियम अपुरा पडेल." पुढे त्या शेतांच्या जागा आणि दर आठवड्याची भाताची उंचीसुद्धा. मला हव्या होत्या नेमक्या त्याच नोंदी! मॅडमना स्वतःला हे पान आठवतही नसणार. आठवत असतं तर सांगितलं नसतं का?

उंची आणि तेव्हाच्या रडार-चित्रांतला उजळपणा जुळवून पाहिला. कोरड्या पेरणीचा भात लावणीच्या भातापेक्षा सावकाश उजळतो, पण थांबत नाही. चाल सापडली. बाभळीचं काय करायचं ते मात्र अजून अडलंय.

७ डिसेंबर, रविवार

मंदार पोहे घेऊन वर आला, म्हणे जास्त झाले होते. पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड वेगळी. मी खाता खाता बाभळीचं रडगाणं लावलं.

तो म्हणाला, "आम्ही सुटा भाग तपासताना नमुन्याशी ताडत नाही नुसता. त्याच्या स्वतःच्या आधीच्या मापाशी ताडतो. आधी किती होता, आता किती झाला. तुझ्या शेताचं आधीचं माप नाही का?"

मी घास तसाच ठेवला. मे महिना! मे महिन्यात टेलची शेतं उघडी, नांगरलेली, भेगाळलेली. बाभूळ मेमध्येही हिरवीच. गवतही थोडंफार असतंच. प्रत्येक शेत दुसऱ्या कोणाशी नाही, त्याच्याच मे महिन्याशी ताडायचं. मेमध्ये उघडं आणि आता सावकाश उजळणारं, तोच भात.

त्याला तसंच सोडून संगणकाशी बसले. तो केव्हा गेला कळलं नाही. ताटली धुऊन ठेवून गेला.

८ डिसेंबर

जमलं. जमलं. जमलं.

एक्केचाळीस हजारांपैकी पस्तीस हजार सहाशे हेक्टर भात. बाभूळ बाहेर, स्मशान बाहेर, खारा पट्टा रिकामाच. मागच्या दोन हंगामांवर चालवून पाहिलं, तिथेही भात सापडला, तोही आम्ही नाही म्हटलेल्या जागी. म्हणजे चूक यंदाचीच नाही.

मॅडम म्हणाल्या, "ज्या शेतांवरून नियम बसवलास त्यांच्यावरच तो बरोबर ठरणार. न पाहिलेली शेतं आण."

यांचं समाधान कधीच होणार नाही.

१० डिसेंबर

काका! अडुसष्टाव्या वर्षी, भर पावसात, दीड दिवस मोपेडवर. मी त्यांना चाळीस जागा दिल्या, नकाशा काय म्हणतो ते मात्र सांगितलं नाही. त्यांनी प्रत्येक जागी जाऊन भात आहे की नाही एवढंच कळवलं. संध्याकाळी पाच वाजता ताडून पाहिलं. चाळीसपैकी सदतीस बरोबर!

फोनवर ओरडलेच, मग रडले. काका शिंकत होते. "सेरी, सेरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे, ठीक आहे. "आतां रडूं नका, बाळ. परवां धीटपणें बोला. पीक आहे म्हणून सांगायला भ्यायचें कशाला?"

मॅडमना आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सादरीकरण तू करशील," म्हणाल्या, "मी फक्त ऐकायला बसेन." म्हणजे अंगावर आलं तर त्या बाजूला. असो. आता मला भीती उरलेली नाही. हे खोटं, भीती आहे. पण थोडी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बैठक पडद्यावरूनच होती. पंधरा-सोळा चौकोनांत चेहरे. मी दहा मिनिटं बोलले. रंजनीचं शेत मेमध्ये कसं होतं, ऑक्टोबरात कसं, आता कसं ते दाखवलं. बासष्ट जागा दाखवल्या. चाळीस जागा दाखवल्या, चुकलेल्या तीनसुद्धा.

अध्यक्ष म्हणाले, "महिन्यापूर्वी याच खाली तुमची सही होती. तेव्हा भात नव्हता, आता आहे. पुढच्या महिन्यात काय म्हणाल?"

मी तोंडात आलेली सगळी स्पष्टीकरणं गिळली. "तेव्हा मी चुकले, सर. शेतात न जाता लिहिलं. या वेळी जाऊन आलेय. तुम्ही तुमची माणसं पाठवा, जागा तुम्ही निवडा. नकाशा खोटा ठरला तर माझं नाव कायमचं काढून टाका."

मग माझ्या शेजारी खुर्ची सरकली. मॅडम कॅमेऱ्यासमोर आल्या.

"सही हिची, पण नियम माझा आहे. बारा वर्षांपूर्वी कोरडी पेरणी थोडी होती म्हणून मी ती सोडून दिली. आज ती थोडी राहिलेली नाही, आणि हे मला हिने दाखवलं. चूक माझ्या नियमाची. दुरुस्ती हिची. दुरुस्ती मी तपासली आहे. मला तिच्यात भोक सापडलं नाही, आणि मी चार दिवस शोधत होते."

समिती स्वतःची माणसं पाठवणार आहे. निर्णय मंगळवारी.

मॅडम मध्येच का बोलल्या कळलं नाही. बहुधा अध्यक्षांचा सूर त्यांना आवडला नसावा. कॅमेरा बंद झाल्यावर मात्र मला म्हणाल्या, "जेवलीस काय, बाळ?" मराठीत! काकांसारख्याच जुन्या मराठीत! आमचं बोलणं नेहमी इंग्रजीत, पाच-सहा महिन्यांत एक शब्द मराठीत बोलल्या नव्हत्या. मी एवढी चकित झाले की "हो" म्हणाले आणि उपाशीच घरी आले.

१६ डिसेंबर, मंगळवार

समितीच्या माणसांनी पंचवीस जागा तपासल्या. तेवीस जुळल्या.

टेलच्या कालव्यांना जानेवारीत तिन्ही आवर्तनं मंजूर!!

काकांना फोन, आईला फोन, मंदारला फोन. त्याने कारखान्याच्या बसमध्ये मोठ्याने आरोळी ठोकली, मागून लोक हसल्याचं ऐकू आलं. मी तरमणीच्या जिन्यावर बसले आणि शांतपणे एक फिल्टर कॉफी प्यायले. अशी कॉफी जगात कुठे मिळत नाही.

५ जानेवारी

मधले दिवस लिहायला सवडच नव्हती. नवा नियम आता अख्ख्या देशावर, गेल्या खरिपाच्या चित्रांवर चालवलाय. जिथे जिथे कोरडी पेरणी वाढलीय तिथे तिथे करड्यातून भात वर आला. पंजाबात, तेलंगणात, रायचुराकडे. उत्तरेचं काम बघणारी भव्या सकाळपासून दर दहा मिनिटांनी माझ्या टेबलाशी येते, "हे बघ, अजून एक!" नव्या अंकात पहिल्या पानावर चौकट आहे. मागच्या अंकांत काय चुकलं, का चुकलं, कसं दुरुस्त केलं. चौकट मॅडमनी लिहिली. खाली फक्त माझं नाव घातलं. मी म्हणाले, तुमचंही हवं. तर म्हणाल्या, "जागा नाही." जागा होती. मी मोजली, तीन ओळींची होती.

१९ जानेवारी

दुसऱ्या आवर्तनाचं पाणी टेलला पोचलं. रंजनीने चित्रफीत पाठवली. चारीतून तांबूस पाणी धावत येतंय, त्याच्यापुढे कचरा, फेस आणि दोन बेडूक. भात फुलोऱ्यात. शेवटी तिचा पाय दिसतो, पाण्यात.

बारा वेळा बघितली.

२२ फेब्रुवारी, रविवार

कापणी-प्रयोग. शेतात पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा, तेवढाच भात कापायचा, झोडपायचा, वजन करायचं. त्यावरून हेक्टरी उत्पादन. चार शेतं चिठ्ठ्या टाकून निवडली होती. दुसरी चिठ्ठी रंजनीची निघाली.

मॅडमही आल्या. कॉटनची साडी खोचून, अनवाणी, बांधावरून माझ्यापुढे चालत. इतक्या भराभर की मला गाठताना धाप लागली. मंदारही होता, म्हणाला रजा शिल्लक होती. विळा धरता येत नाही तरी हट्टाने कापायला बसला. दहा मिनिटांत तळहाताला फोड. मी रुमाल बांधला तर शहाण्यासारखा गप्प बसून राहिला, आणि मॅडम काकांकडे बघून हसल्या. का हसल्या कोण जाणे.

रंजनीच्या चौकोनातला भात झोडपून झाला. पोतं तागडीला अडकवलं. सगळे वाकले.

"चौदा किलो तीनशे!" काका गरजले.

हेक्टरी सत्तावन्न क्विंटल. जिल्ह्याच्या सरासरीच्या वर! आणि हा त्या शेताचा आकडा, ज्यावर मी करडा रंग फासला होता. रंजनीने ओंजळभर भात उचलला आणि वाऱ्यावर धरून पाखडला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिही." हे काकांनी भाषांतर करायच्या आत मला कळलं.

आम्ही आवरायला लागलो, तर पलीकडच्या बांधावरून एक म्हातारा हाका मारत आला. माझंही मोजा. मग त्याची सून. मग पलीकडचे दोघे भाऊ. मी समजावून सांगितलं, अहवालात चिठ्ठीने निघालेली चारच शेतं जातील, बाकीचा आकडा कुठेच लागणार नाही. काकांनी ते तमिळमध्ये सांगितलं. ते ऐकून म्हातारा म्हणाला, न का लागेना, मोजा.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी फीत उचलली आणि स्वतःच चौकोन आखायला निघाल्या.

मग कसलं आवरणं! जो तो आपापलं खाचर कापायला बसला. कोणी ताक आणलं, कोणी लिंबाचा भात केळीच्या पानात. तेरा किलो. चौदा किलो आठशे. साडेबारा, तर त्या बाईचा चेहरा पडला, तेव्हा रंजनीने तिला सगळ्यांदेखत दटावलं की तुझ्याकडे पाणी शेवटी पोचलं, तरी साडेबारा, हे काय कमी? अकरा शेतं झाली. ऊन उतरायला लागलं तोवर काकांचा घसा पार बसला होता, आणि अकराव्या शेताचं पोतं तागडीला लटकत होतं.

काकांनी मला खूण केली. आता तुम्ही सांगा.

मी काटा बघितला, पुन्हा बघितला. बांधावर उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि तमिळमध्ये ओरडले, "पदिनैंदु!"

पंधरा!

आणि टेलच्या त्या शेवटच्या बांधावर एवढा कल्ला उठला की कालव्याकाठचे बगळे एकदम उडाले.